पाण्यानं खाल्लेला लाल रंग

दिव्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स उर्वशीलाच छापावा लागला.

वरोऱ्यात फ्लेक्स छापणारी तीन दुकानं होती, पण दिव्याच्या वडिलांनी, नन्नावरे मास्तरांनी, दुसऱ्या दुकानाकडे वळूनही पाहिलं नाही. सकाळी उर्वशीनं शटर अर्धं वर केलं असेल नसेल, तोच ते वाकून आत आले आणि मोबाइलमधला फोटो तिच्यापुढे धरला. फोटोत दिव्या नावेच्या काठावर बसली होती. अंगाला घट्ट बसलेला काळा रबरी पोशाख, पाठीवर हवेची टाकी, कपाळावर सरकवलेला काचेचा मुखवटा आणि मांडीवर जाड पारदर्शक डब्यात बंद केलेला कॅमेरा. तोंडभर हसत होती.

"बेटा, वरोऱ्याची समुद्रकन्या, असं मोठ्या अक्षरात टाक," मास्तर म्हणाले. "पाण्याखालच्या फोटोले देशातून दुसरा नंबर भेटला तिले. आता चंद्रपूरले प्रदर्शन हाय."

"हाव काका. किती बाय कितीचा करू?"

"दहा बाय आठ. चौकात दुरून दिसला पाह्यजे."

उर्वशीनं दहा बाय आठचा केला. मशीनमधून दिव्या इंचाइंचानं बाहेर आली. आधी आभाळ, मग मुखवटा, मग कपाळ, मग डोळे, आणि हसू तर यायला इतका वेळ लागला की उर्वशी उठून मागच्या खोलीत चहा ठेवायला गेली. मास्तरांच्या माणसांनी फ्लेक्स चौकात नेमका तिच्या दुकानासमोर बांधला. त्यापुढचे पंधरा दिवस मान वर केली की दिव्या हसायची.

दोघी एका वर्गातल्या. उर्वशीचे वडील लटारूभाऊ यांनी मुलीच्याच नावानं स्टुडिओ काढला होता. कृष्णधवल फोटोंना हातानं रंग भरण्यात त्यांचं नाव होतं. वणी, भद्रावतीहून लोक लग्नाचे फोटो रंगवून घ्यायला यायचे. बारीक कुंचल्यानं नवरीच्या कपाळाला कुंकू, ओठांना लाली, लुगड्याला रंग. उर्वशी त्यांच्या मांडीशी बसून ते बघत मोठी झाली. कॅमेरा तिच्या हातात सातवीत आला. दिव्याच्या हातात आला तो उर्वशीनंच दिला म्हणून. शाळेच्या स्नेहसंमेलनात दिव्यानं काढलेल्या पहिल्या रोलमध्ये निम्म्या लोकांची डोकी कापली गेली होती, आणि त्यावर दोघी पोट धरून हसल्या होत्या.

मग लटारूभाऊंच्या डोळ्यांनी दगा दिला आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला उर्वशी काउंटरवर बसली ती बसलीच. नवराही गावातलाच केला. धनराज कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, स्वभावानं सरळ, बायकोच्या दुकानाला हरकत न घेणारा. दिव्याला आदेश नावाचा नवरा मिळाला, हवामान खात्यातला. लग्नाला वर्ष होत नाही तोच त्याची बदली अंदमानला झाली. तेव्हा दिव्या ह्याच काउंटरला डोकं टेकून रडली होती. "काळ्या पाण्याले धाडून राह्यले वो मले," म्हणत होती. उर्वशीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला होता, तिला पाणी दिलं होतं. आणि खरं सांगायचं तर तेव्हा तिच्या मनात कुठंतरी थोडंसं बरंही वाटलं होतं. निदान आपण आपल्या गावात आहोत, असं.

आता ते आठवलं की तिला स्वतःचाच राग यायचा. काळ्या पाण्याला गेलेली समुद्रात उतरून मासे टिपत होती, आणि गावात राहिलेली ताडोब्याहून आलेल्या पाहुण्यांचे वाघ छापत होती. एका उन्हाळ्यात इतके वाघ छापले होते की मशीनमधली पिवळी शाई बाकीच्यांच्या आधी संपायची. 'तिले समुद्र भेटला, एवढंच,' ती मनाशी म्हणायची. 'नजर तं माझी होती.'

फ्लेक्स लागल्याच्या दुसऱ्या दिवशी दिव्याचा फोन आला.

"उर्वशे, बावीस फोटो हायेत. प्रिंट तूच कर. दुसऱ्या कोणाकडे मी देत नाई."

"पाठव ना."

"पण ऐक, बक्षिसाचा एक फोटो इथल्या माणसानं नीट करून देल्ला होता. बाकीचे एकवीस जसे काढले तसेच हायेत. रंगाचं मले काही समजत नाई. तू पाहून घेशीन?"

"घेईन," उर्वशी म्हणाली.

फाइली उघडल्या तेव्हा ती खुर्चीत मागे रेलून हसली. बक्षिसाचा एक सोडला तर एकूणएक फोटो निळा. नीळ जास्त झालेल्या धुण्यासारखा. मासे निळे, दगड निळे, दिव्याच्या बरोबरच्या माणसाचा हातसुद्धा निळा. 'ह्याच्यासाठी चौकात फ्लेक्स,' तिला वाटलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटलं.

मोकळेपण टिकलं नाही. तिनं सहज म्हणून एका फोटोतला लाल थोडा वाढवला, निळा थोडा दाबला, आणि पडद्यावर काहीतरी हललं. अजून थोडा वाढवला. निळ्या झुडपाच्या जागी शेंदरी बोटांचं एक समुद्रफूल उमललं आणि त्याच्या कुशीत बसलेला मासा केशरी झाला, अंगावर पांढरे पट्टे असलेला, छोट्या तोंडाचा, रागीट डोळ्यांचा. उर्वशीचा हात माउसवरून निघालाच नाही. रंग आतच होता. पाण्यानं तो खाऊन टाकला होता, आणि तो काढायचा कसा ते तिच्या बोटांना ठाऊक होतं.

त्या दिवसापासून दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की ती त्या फोटोंना बसायची. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. तिरुपतीपर्यंत जाऊन आली होती, पण वाटेत समुद्र काही लागला नव्हता. मग जे रंग माहीत होते तेच तिनं त्या पाण्यात ओतले. केशरी माशाला झेंडूचा रंग दिला. प्रवाळाच्या एका फांदीला भिवापुरी मिरचीचा, दुसरीला पळसाच्या फुलाचा. चोचीसारख्या तोंडाच्या माशाला मोराच्या मानेचा. बारा दिवस ती हेच करत होती. धनराज एकदा डबा घेऊन आला तर मागे उभा राहून बघतच राहिला.

"हे दिव्यानं काढलं?" तो म्हणाला. "कमाल हाय बाप्पा."

उर्वशीनं डबा घेतला आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

दिव्याचे बोलून पाठवलेले निरोप रोज मोबाइलवर येत होते. पहिले दोनतीन उर्वशीनं ऐकले. मागं लाटांचा आवाज, आणि दिव्या धापा टाकत, हसत सांगतेय, "अगं, खाली गेल्यावर आपल्याले वजनच राहत नाई. आपण असं नुसतं तरंगून राह्यतो, आन् मासे आपल्याकडे पाह्यतेत, हे कोण आलं म्हणून..." ऐकता ऐकता उर्वशीला आपली लाकडी खुर्ची, पायाशी घरघरणारा पंखा आणि समोरचा फ्लेक्स असं सगळं एकदम दिसलं. तिनं मोबाइल उपडा ठेवला. नंतर ऐकू, असं म्हणाली आणि नंतर ऐकलेच नाहीत. निरोप साठत गेले.

सतरा नंबरच्या फोटोत वाळूवर एक तारामासा होता. बाकी सगळं तिनं जागेवर आणलं, वाळू पांढरी झाली, शेजारचा दगड तांबूस झाला, पण तारामासा निळाच राहिला. आता एवढं सगळं रंगात आल्यावरही जो निळा राहतो, तो खरंच निळा असेल, ही शंका तिला आली नाही असं नाही. लटारूभाऊ नवरीच्या लुगड्याचा रंग विचारल्याशिवाय कुंचला बुडवत नसत. "गिऱ्हाईकाले विचारा, मग भरा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एक फोन करायचा होता. पण फोन केला की दिव्या पुन्हा तरंगण्याचं सांगणार. उर्वशीनं तारामासा कुंकवासारखा लाल केला. दिसायला तो बाविसांत सगळ्यात देखणा झाला.

प्रदर्शन चंद्रपूरच्या एका कॉलेजच्या सभागृहात होतं, तीन दिवसांचं. दिव्या नागपूरला उतरून थेट तिथं आली. भिंतीवरचे फोटो पाहून ती दारातच थबकली, मग धावत येऊन तिनं उर्वशीला मिठी मारली.

"काय केलं तू हे, उर्वशे! मी तिथी होती का तू होती, समजून नाई राह्यलं."

दिव्याचे केस उन्हानं भुरे झाले होते, गाल रापले होते. अंगाला समुद्राचा वास नव्हता, साबणाचा होता. पण उर्वशीला तो वेगळा वाटला.

उद्घाटनाला दोनशे माणूस असेल. भाषणात दिव्यानं आभार मानले. आपल्याला पाण्यात उतरायला शिकवणाऱ्या गुरूचे, नाव हाकणाऱ्या, तिथल्या करेन जमातीच्या नावाड्याचे, आदेशचे, आईवडिलांचे. "आणि छपाई करणाऱ्या सगळ्यांचे," ती म्हणाली आणि खाली बसली.

सगळ्यांचे. मागच्या रांगेत बसलेल्या उर्वशीनं आजूबाजूला पाहिलं. छपाई करणारी ती एकटी होती.

नंतर लोक फोटो बघत फिरू लागले. "काय रंग आहेत," हे उर्वशीनं त्या तासाभरात किती वेळा ऐकलं त्याला गणती नव्हती. प्रत्येक वेळी लोक दिव्याकडे वळायचे. उर्वशी उभी होती दोन हातांच्या अंतरावर. मग प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई सतरा नंबरपाशी थांबल्या. चष्मा खाली करून बराच वेळ पाहत राहिल्या.

"दिव्या, हा तारामासा निळा असतो ना गं?"

दिव्यानं पाहिलं. "हो मॅडम, निळाच आहे. प्रिंटमध्ये चुकलं असेल त्यांचं."

त्यांचं! कौतुक झालं तेव्हा फोटो दिव्याचे होते आणि चूक झाली तेव्हा प्रिंट 'त्यांची' झाली. उर्वशी सभागृहाबाहेर पडली आणि मिळेल त्या बसनं वरोऱ्याला आली. पूर्ण वाटेत ते एकच वाक्य तिच्या डोक्यात दळण दळत होतं. चूक आपली आहे, हे तिला माहीत होतं. त्यामुळं राग कमी झाला नाही, उलट वाढला.

संध्याकाळी ती घरी न जाता दुकानातच थांबली. नऊ नंबरचा फोटो, झेंडूच्या माशाचा, सगळ्यांनी सर्वांत जास्त वाखाणलेला, तो तिनं उघडला. रंग केलेला नव्हे, दिव्यानं पाठवला होता तसा, निळाच्या निळा. तेवढ्याच आकारात छापला, तसाच पुठ्ठ्यावर चिकटवला. खाली लावायला एक चिठ्ठी छापली: 'मूळ फोटो: दिव्या नन्नावरे. रंग: उर्वशी फोटो स्टुडिओ, वरोरा.'

सकाळी पहिल्या बसनं ती चंद्रपूरला गेली. सभागृहाचा चौकीदार सुकलूभाऊ तिला ओळखत होता, कारण फोटो टांगायला तीच आली होती. त्यानं काही न विचारता दार उघडलं. तिनं निळा फोटो केशरी फोटोच्या शेजारी टांगला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली. 

दहाला लोक यायला लागले, आणि अर्ध्या तासात नऊ नंबरसमोर घोळका झाला. कोणी म्हणालं, "म्हणजे असली फोटो हा हाय?" कोणी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. एका स्थानिक पेपरचा वार्ताहर होता, त्यानं दोन्ही फोटोंचा मिळून एक फोटो काढला आणि विचारत विचारत उर्वशीपर्यंत आला. तिनं सांगितलं. बारा दिवस, लाल कसा काढला, निळा कसा दाबला. तो लिहून घेत होता आणि उर्वशीला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपण बोलतोय ते कोणीतरी टिपून घेतंय.

दिव्या अकराला आली, मास्तरांना घेऊन. तिनं घोळका पाहिला, मग भिंत पाहिली. एक माणूस तिला म्हणाला, "मॅडम, मंग हे सारे रंग खोटे हायेत का?"

"खोटे नाहीत," दिव्या म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "वरून ऊन पाण्यात शिरतं ना, तेव्हा पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. मग केशरी, मग पिवळा. खाली जाईपर्यंत निळाच उरतो. पण तिथं टॉर्च लावला की मासा केशरीच दिसतो. रंग त्याच्या अंगावर असतोच."

"म्हणजे कम्प्युटरची करामत," तो माणूस आपल्या सोबत्याला म्हणाला, आणि दोघं पुढच्या फोटोकडे गेले. पुढच्या फोटोपुढेही ते तेच म्हणाले. मागून आलेलेही म्हणू लागले. काल ज्यांच्या तोंडून "काय रंग आहेत" आलं, त्यांच्या जागी आज आलेले फोटोजवळ नाक नेऊन कुठं लबाडी दिसते का ते शोधत होते. उर्वशी खुर्चीवरून हे बघत होती. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिला वाटलं होतं, लोक दिव्याकडून आपल्याकडे वळतील. ते दोघींपासूनही वळले होते. तिनं बारा दिवस खपून काढलेला रंग आता बटण दाबून केलेली करामत झाला होता.

मास्तर काठी टेकत तिच्याजवळ आले. "बेटा, हे तू लावलं?"

तिनं मान हलवून हो म्हटलं. ते परत गेले.

दिव्यानं तिला बाहेर बोलावलं. व्हरांड्यात पाण्याच्या यंत्राजवळ दोघी उभ्या राहिल्या.

"तुले नाव पाह्यजे होतं, तं मले सांगाचं ना," दिव्या म्हणाली.

"सांगाचं काय त्याच्यात? तुले दिसत नोतं? भाषणात सगळ्यांचे आभार मानले. सगळे म्हणजे कोण? मी एकलीच तं होती."

"मी तुले विचारलं होतं."

"कधी?"

"तीनदा विचारलं. नाव टाकू का, कसं टाकू. तू एकाही निरोपाचं उत्तर देल्लं नाई. मले वाटलं, तुले नसन आवडत. धनराजभाऊले नसन आवडत. म्हणून भाषणातही घेतलं नाई." मग दिव्या थांबली. "तू ऐकलेच नाईत ना ते?"

उर्वशीनं यंत्राखाली पेला धरला.

"काऊन नाई ऐकले?"

ह्याचं उत्तर उर्वशीला ठाऊक होतं, पण ते तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. "काम होतं," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये तिनं कानाला मोबाइल लावला. अकरा निरोप होते. एकात दिव्या म्हणत होती, सतरा नंबरचा तारामासा खरंच निळा आहे, त्याला हात लावू नको. एकात विचारलं होतं, "कार्डावर असं लिहू का, फोटो माझा, रंग तुझा? हो म्हण, तं टाकते." दोन दिवसांनी तेच पुन्हा. आणखी दोन दिवसांनी पुन्हा. शेवटच्या एका निरोपात लाटांचा आवाज फार होता. "इथी कोणाले सांगू वो? इथले लोक रोजच पाह्यतेत. पाण्याच्या बाहेर आली का वाटते, हे उर्वशीले सांगाव. म्हणून सांगत राह्यते. तू कटाळत असशीन."

पुढचं टेमुर्डा गाव मागे गेलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की वरोरा कधीच येऊन गेलं. उतरली आणि उलट्या बाजूच्या गाडीची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. निळा फोटो काढला, सतरा नंबरच्या जागी निळ्या तारामाशाची नवी प्रिंट टांगली. दिव्या टेबलापाशी बसली होती. "ठीक हाय," एवढंच म्हणाली. परत जाताना दिव्यानं निरोप घेतला तोसुद्धा हातानं, लांबून.

वार्ताहरानं लिहिलेलं चार दिवसांनी छापून आलं. मथळा होता, 'अंदमानचा समुद्र रंगला वरोऱ्यात'. धनराजनं हौसेनं ते कात्रण दुकानाच्या काचेवर चिकटवलं. उर्वशीनं ते नखानं खरवडून काढलं, तरी गोंदाचे चार ठिपके राहिले. नावाचा फायदा झाला नाही असं नाही. लोक आजोबांचे जुने फोटो रंगवायला घेऊन येऊ लागले. ती प्रत्येकाला विचारायची, फेट्याचा रंग कोणता होता, लुगडं कसं होतं.

लटारूभाऊंना तिनं सगळं सांगितलं. ते अंगणात बाजेवर बसून ऐकत होते. डोळ्यांना आता उजेड-अंधाराशिवाय फार काही कळत नव्हतं.

"मी बी एकदा केलं होतं असं," ते शेवटी म्हणाले. "एक फोटोग्राफर होता वणीचा. माझ्यापेक्षा चांगले फोटो काढे. त्याच्या एका फोटोत नवरीचं हिरवं लुगडं मी पिवळं केलं. मुद्दाम. तो मेला तरी मी त्याले सांगतलं नाई."

"मंग?"

"मंग काय. अजून आठवते ते लुगडं."

हिवाळ्यात नन्नावरे मास्तर रस्त्यात भेटले आणि बोलता बोलता म्हणाले, दिव्याचं नागपूरला प्रदर्शन आहे, चाळीस फोटोंचं. उर्वशीनं विचारलं, "छापले कोणी?" मास्तरांनी खाली पाहिलं. "तिथीच, नागपूरले. कोणीतरी हाय."

कोणीतरी. त्या दिवसापासून उर्वशीला दिव्याचा हेवा वाटायचा बंद झाला आणि त्या कोणीतरीचा वाटायला लागला. कोणाच्या पडद्यावर आता ते निळे फोटो उघडत असतील, कोणाच्या बोटाखाली लाल हळूहळू वर येत असेल. दिव्याचा हेवा निदान दुरून होता. हा अगदी बोटांशी होता. मशीनसमोर बसली की तिला वाटायचं, आपल्याच खुर्चीत कोणी दुसरं बसलंय.

शाई आणायची म्हणून धनराजला सांगून ती सकाळच्या गाडीनं नागपूरला गेली आणि थेट प्रदर्शनात शिरली.

पहिल्या फोटोसमोर उभी राहिली आणि तिला कळलं, की हे तिच्यापेक्षा चांगलं आहे. असं हवं होतं, तसं हवं होतं, असं म्हणायला जागा नव्हती. लाल होता, पण ओरडत नव्हता. लांबचे मासे निळसर राहू दिले होते, जवळचे तेवढे रंगात आणले होते, आणि मधे कुठंतरी एक रंग दुसऱ्यात विरत होता. तिच्या फोटोंत मासे हवेत पोहत होते. इथं ते पाण्यात होते. खाली कार्ड होतं: 'छायाचित्र: दिव्या नन्नावरे. रंग: बिरजू उईके.'

बिरजू उईके तिथंच होता, चाळिशीचा, सडपातळ, फोटोवरची धूळ फडक्यानं पुसत. उर्वशी त्याच्याजवळ गेली.

"भाऊ, हे लांबचं निळं तुमी कसं ठेवलं?"

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "बाई, तुमी ह्या धंद्यातल्या हाव का?"

"वरोऱ्याले स्टुडिओ हाय."

"असं," तो म्हणाला. त्याला नाव माहीत असावं, पण त्यानं ते काढलं नाही. "मी आलापल्लीचा. जंगलात वाढलो. पह्यले फोटो केले ते मलेच पसंत नाई पडले. ताईले म्हनलं, मले त्या पाण्याचं काही समजून नाई राह्यलं. त्या म्हनल्या, मंग येऊन पाह्यून जा. आठ दिवस गेलो होतो. दोनदा खाली उतरलो. तवा समजलं, खाली लांबचं काहीच लाल दिसत नाई. दिसू बी नये."

आठ दिवस गेलो होतो.  फ्लेक्स छापताना उर्वशीला जे वाटलं होतं ते ह्याच्यापुढे काहीच नव्हतं. ते आठ दिवस तिचे होते. नावेचा तो काठ, तो काचेचा मुखवटा, ते बिनवजनाचं तरंगणं, सगळं तिच्या वाट्याचं होतं, आणि अकरा निरोप ऐकले असते तर तिला मिळालं असतं.

"उर्वशी," मागून दिव्या म्हणाली.

ती वळली. परत जायची वाट दिव्याच्या बाजूलाच होती. तिथून न बोलता जाता आलं असतं. गेली नाही.

"सतरा नंबरचा मासा निळा हाय, हे मले समजलं होतं," ती म्हणाली. "चुकून नाई झालं. मी फोन नाई केला. मुद्दाम नाई केला."

दिव्यानं विचारलं, "कायले?"

"जळत होती मी तुझ्यावर. अजून बी जळून राह्यली. आता ह्या भाऊवर जळून राह्यली."

बिरजू फडकं घेऊन हळूच दुसऱ्या भिंतीकडे गेला. दिव्याला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. ती बाकावर बसली आणि बाजूची जागा तिनं मोकळी ठेवली, म्हणून उर्वशीही बसली.

"त्या दिवशी लोक माझ्या तोंडावर खोटे रंग म्हणत होते," दिव्या म्हणाली. "बाबा बाजूले उभे होते. ते मी विसरली नाई."

"नको विसरू."

"नाईच विसरणार."

उर्वशीनं समोरच्या फोटोकडे पाहिलं. मग उर्वशी म्हणाली, "मलेही ने एकदा तिथी."

हे विचारायला लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण न विचारण्याचा अनुभव तिनं घेतला होता.

दिव्यानं लगेच हो म्हटलं नाही. "पोहता येते का तुले?"

"नाई."

"बिरजूभाऊ नदीत पोहणारे होते. तुले मी अशी नाई नेणार. पह्यले पोहणं शिक. मग पाहू."

"मग पाहू म्हणजे नेशीन का नाई?"

"मग पाहू म्हणजे मग पाहू," दिव्या म्हणाली. हे ती खरंच ठरवलेलं नसताना बोलत होती, हे उर्वशीला दिसलं, आणि त्यातच तिला बरं वाटलं. तोंडदेखलं हो नव्हतं ते.

आता दर रविवारी उर्वशी चंद्रपूरला पोहण्याच्या तलावावर जाते. दुपारी तीन ते चार बायकांची वेळ असते. शिकवणारी रंजीता पंचविशीची आहे आणि उर्वशीला बाई म्हणते. "बाई, दांडा सोडा. सोडा म्हंते ना. मी हाय इथी." पहिले तीन रविवार उर्वशीनं काठाचा दांडा सोडला नाही. चौथ्या रविवारी सोडला, नाकातोंडात पाणी गेलं, खोकत खोकत ती परत दांड्याला लटकली.

शेजारच्या पट्ट्यात आठनऊ वर्षांच्या मुली शिकतात. त्या एकामागून एक उडी मारतात आणि बेडकाच्या पिल्लांसारख्या पलीकडे जातात, पलीकडून हसत परत येतात. एक बारकीशी, दोन वेण्यांची, तर पाण्याखालूनच जाते, मधे वर येतच नाही. उर्वशी दांड्याला धरून तिच्याकडे बघते आणि तिचा जीव जळतो. चौतीस वर्षांची बाई, आठ वर्षांच्या पोरीवर. तिचं तिलाच कळतं.

"बाई, आता जाता का?" रंजीता विचारते.

"थांब," उर्वशी म्हणते. मुलगी पलीकडच्या काठाला लागेपर्यंत ती बघत राहते, पाय कसे मारते, श्वास कधी घेते, सगळं. मग डोळे मिटून तोंड पाण्यात घालते आणि दांडा सोडते.